हातची भेट आणि घरची शोभा
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीसारख्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें व्यासपीठावर उभें राहून कामट्या, खळ, जुनीं लुगडीं आणि पुठ्ठ्याचीं खोकीं ह्यांविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. अशा सभेंत पूर्वजांची श्रद्धा, मंदिराचा इतिहास, उपकारकर्त्यांचे आभार असे विषय शोभतात, हें आम्हांस मान्य आहे; आणि ते विषय इतर वक्ते आमच्याहून चांगल्या रीतीनें मांडतील. परंतु महोत्सव म्हटला कीं घर सजवावें लागतें, भेटी द्याव्या लागतात, आणि त्या दोहोंचा भार कोणाच्या तरी संसारावर पडतो. तो पैसा घरांतील कोणत्या गरजेंतून कापला जातो हें दुकानदारास कळत नाहीं; धर्मगुरूस मात्र पुष्कळदां कळतें. म्हणून आम्हीं आजचा विषय निवडिला आहे तो हा, कीं थोडक्या खर्चांत, घरच्या घरीं, स्वतःच्या हातांनीं घराची शोभा व प्रीतीची भेट कशी सिद्ध करावी, आणि ती तशी कां करावी.

आपलें महाळुंगे हें मुळा नदीच्या कांठचें, मुळशी तालुक्यांतील शेतीचें गांव. इ. स. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांकरितां महाळुंगे-बालेवाडीच्या शिवारांत क्रीडानगरी उभी राहिली, पलीकडे हिंजवडीस संगणकव्यवसायाच्या मोठमोठ्या कचेऱ्या आल्या, आणि इ. स. २०२१ मध्यें गांव पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत गेलें. आज येथें उंच इमारतींच्या सावलींतच पत्र्याच्या खोल्याही आहेत. कोणी वसईहून आलें, कोणी नगरकडून, कोणी गोव्याहून, कोणी केरळांतून. बाराव्या मजल्यावरचा अभियंता आणि ती इमारत बांधणारा गवंडी हे दोघेही रविवारीं एकाच वेदीपुढें गुडघे टेकतात. ही परमेश्वराची मोठी कृपा होय. परंतु मिस्सा संपल्यावर ते एकमेकांच्या घरीं जातात काय, हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस मनाशीं घोळवीत आहों.

आम्हांस एक कुटुंब ठाऊक आहे. घरधनी बांधकामावर गवंडी आहे. ओळखीच्या घरीं मुलाचा बाप्तिस्मा होता, आग्रहाचें निमंत्रण होतें. तरी हें कुटुंब गेलें नाहीं. आम्हीं कारण विचारिलें तेव्हां ती माउली म्हणाली, “रिकाम्या हातानें कसं जायचं, फादर? तिथं सगळे खोकीं घेऊन येणार.” इकडे ज्यांच्या घरीं समारंभ होता त्यांचा समज असा झाला कीं, हीं माणसें गर्विष्ठ आहेत. एका भेटवस्तूच्या अभावीं दोन घरांमध्यें भिंत उभी राहिली. ह्याच्या उलट, ज्यांना मासिक पगार आहे अशांच्या घरींही नाताळच्या भेटींचे हप्ते ईस्टरपर्यंत फेडले जात असल्याचें आम्हीं पाहिलें आहे. एकाला भेट देतां येत नाहीं म्हणून लाज, दुसऱ्याला दिलेल्या भेटीचें कर्ज. ज्या रीतीनें प्रीति वाढावी तिनेंच असा ताप व्हावा, ही गोष्ट आनंदाच्या वर्षांत तरी आपण सहन करूं नये.

ह्या बाबतींत पवित्र शास्त्राची दृष्टि किती मायेची आहे पाहा. प्रसूत झालेल्या स्त्रीनें मंदिरांत कोंकरूं अर्पण करावें, असें मोशेचें नियमशास्त्र सांगे. परंतु जिला कोंकरूं परवडत नसेल तिनें होल्यांचा जोडा किंवा पारव्यांचीं दोन पिलें आणावीं, अशी सवलत त्याच नियमांत होती. पवित्र मरिया व संत जोसेफ ह्यांनीं बाळ येशूला मंदिरांत नेलें तेव्हां हीच गरिबाची भेट नेली, असें संत लूक लिहितो. गरिबाला रिकाम्या हातानें यावें लागूं नये, ह्याची योजना देवानेंच करून ठेविली होती. तसेंच प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरांतील टबीथेची कथा आहे. ती मरण पावली तेव्हां विधवा स्त्रिया संत पेत्राभोंवतीं रडत उभ्या राहिल्या आणि तिनें हयातींत आपल्या हातांनीं केलेले अंगरखे व वस्त्रें त्यांनीं त्याला दाखविलीं. तिच्याविषयीं सांगण्यास त्यांना ह्याहून निराळा पुरावा लागला नाहीं.

आतां उपदेश बाजूस ठेवून कामाकडे वळूं.

प्रथम नाताळचा तारा घेऊं. बाजारांतील प्लॅस्टिकचा तारा एक-दोन हंगामांत तडकतो व कचऱ्यांत जातो. कामट्यांच्या ताऱ्यास सुमारें दोन फूट लांबीच्या दहा सारख्या कामट्या व चार-पांच इंचांच्या पांच आंखूड कामट्या, एवढेंच सामान लागतें. कामट्या अगोदर पाण्यांत भिजवाव्या, म्हणजे वांकवितांना मोडत नाहींत. कुसळें चाकूनें तासून काढावीं. पांच लांब कामट्या एकमेकींवर तिरप्या मांडून पांच टोकांचा एक तारा बांधावा, तसाच दुसरा करावा. दोन्ही तारे एकावर एक ठेवून बाहेरचीं पांचही टोकें दोऱ्यानें घट्ट आवळावीं. मग आंतल्या बाजूस जेथें कामट्या एकमेकींस छेदतात, त्या पांच ठिकाणीं दोन ताऱ्यांच्या मध्यें एकेक आंखूड कामटी उभी अडकवावी. तत्क्षणीं तारा मध्यें फुगतो व टोकांशीं निमुळता होतो. मुलांना ह्या क्षणीं जो आनंद होतो तो विकतच्या ताऱ्यांत नाहीं. गव्हाचें पीठ पाण्यांत कालवून मंद आंचेवर शिजविलें कीं खळ तयार होते. तिनें पतंगी कागद चिकटवावा आणि एका बाजूस दिवा आंत सोडण्यापुरती जागा उघडी ठेवावी. आंत मेणबत्ती किंवा तापणारा मोठा दिवा मुळींच ठेवूं नये. न तापणारा लहान विजेचा दिवा पुरे. सण संपल्यावर कागद काढून सांगाडा माळ्यावर ठेवावा. पुढील वर्षीं खर्च फक्त कागदाचा.

हा तारा परका नव्हे. आपल्या हिंदु शेजाऱ्यांचा दिवाळींतला आकाशकंदील ह्याच कामट्यांचा व ह्याच खळीचा. फिलिपाईन्स बेटांतील ख्रिस्ती लोकही नाताळास बांबूच्या सांगाड्याचा असाच कंदील लावितात व त्यास ‘पारोल’ म्हणतात. जर्मनींत नीस्की येथील मोरेव्हियन पंथाच्या शाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भूमितीचा धडा म्हणून मुलांकडून कागदी तारा करून घेत. त्यांतूनच तेथील प्रसिद्ध नाताळतारा निघाला. महाळुंग्याच्या एखाद्या घरांत बाप व मुलगा कामट्या बांधीत बसले असतील, तर त्यांना अशी मोठी संगत आहे.

दुसरी गोष्ट गव्हाणीच्या देखाव्याची. संत फ्रान्सिस आसिसीकर ह्यांनीं इ. स. १२२३ च्या नाताळांत इटलींतील ग्रेच्यो गांवीं पहिला देखावा केला, तेव्हां तेथें एकही मूर्ति नव्हती. गव्हाण, तींत गवत, शेजारीं बैल व गाढव, आणि सभोंवार दिवट्या घेतलेले गांवकरी, एवढाच तो थाट. पोप फ्रान्सिस ह्यांनीं ता. १ डिसेंबर २०१९ रोजीं त्याच ग्रेच्यो येथें स्वाक्षरी केलेल्या पत्रांत घरोघर गव्हाण मांडण्याची रीति टिकवावी अशी विनंती केली. आपण मात्र अलीकडे देखावा म्हणजे चढाओढ समजूं लागलों आहों. थर्मोकोलचे डोंगर तर आतां कायद्यानेंही करतां येत नाहींत. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली.

मग डोंगर कशाचे करावे? घरांतील रिकामीं खोकीं उलटीं-सुलटीं मांडावीं. जुनें गोणपाट पातळ चिखलांत बुडवून त्यांवर पांघरावें व हातानें चुण्या पाडाव्या. दोन दिवसांत वाळून तें असें कडक होतें कीं खडकच वाटावा. मुळशी तालुका आंबेमोहर भाताकरितां नांवाजलेला आहे. येथें मूठभर पेंढा मागितला तर कोणी शेतकरी नाहीं म्हणणार नाहीं. गोठ्याचें छप्पर व गव्हाणींतील बिछाना त्या पेंढ्याचा करावा, मात्र विजेच्या तारा त्यापासून दूर ठेवाव्या. हिरवळीकरितां पसरट भांड्यांत माती घालून नाताळच्या आठ-दहा दिवस आधीं भिजविलेले गहू किंवा नाचणी पेरावी. घटस्थापनेस शेजारघरीं धान्य रुजवितात तें आपण पाहतोंच. फ्रान्सच्या दक्षिण भागांतील ख्रिस्ती कुटुंबें संत बार्बाराच्या सणास, ता. ४ डिसेंबर रोजीं, ह्याच हेतूनें गहू पेरतात. मूर्ति घरांत असतील तर त्याच वापराव्या. नसतील तर मुलांनीं मातीच्या कराव्या. मेंढराचे कान लहान-मोठे झाले तर तें मेंढरूंच राहतें.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत प्रिय आहे, ती म्हणजे बाळाचें दुपटें. आपल्या महाराष्ट्रांतील आजीबाई नवजात बालकास नव्या कापडांत गुंडाळीत नसत, कारण नवें कापड टोंचतें. अनेकदां धुऊन मऊ झालेलें सुती लुगडें किंवा धोतर हेंच बाळासाठीं उत्तम, हें त्यांचें ज्ञान होतें. असें जुनें सुती वस्त्र कढत पाण्यांत धुवून कडक उन्हांत वाळवावें. सुमारें एक वार लांब व तेवढेंच रुंद असे दोन-तीन पदर एकावर एक सपाट पसरावे, कांठ आंत मुडपावे, आणि प्रथम मोठे कच्चे टांके घालून पदर हलणार नाहींत असें करावें. मग कांठापासून आंत आंत, दोन बोटें अंतर ठेवून, धांवदोरा घालीत जावें. कृत्रिम धाग्याचें कापड घेऊं नये, तें घाम टिपीत नाहीं. मणी, टिकल्या, गुंड्या कांहीं लावूं नये, कारण बाळ सर्व कांहीं तोंडांत घालतें. वर्षभर रोज वापरतां येईल अशी ही भेट आहे, आणि तिला खर्च दोऱ्याच्या एका रिळाचा. हेंच काम मोठें केलें कीं गोधडी होते. तिच्या चारही बाजूंस चार बायका बसूं शकतात, आणि टांके पडतात तसतशीं सुखदुःखेंही बोलून होतात.

वर ज्या माउलीचा उल्लेख आला, तिला हें काम आईकडून आलेलें होतें. तें कळल्यावर आम्हीं तिला एवढेंच म्हटलें, “बाई, दुपटें घेऊन जा, उशीर झाला तरी चालेल.” ती गेली. त्या घरच्या सूनबाईनें दुपटें हातीं घेऊन पाहिलें व तिथेंच विचारिलें, “मावशी, हा कोपरा कसा घातलात? मला शिकवाल काय?” आज मिस्सेनंतर सभागृहांत चार-पांच सुशिक्षित भगिनी तिच्याजवळ टांका शिकण्यास बसतात. जिला भेट नाहीं म्हणून तोंड लपवावें लागलें ती आज शिकविणारी झाली. आम्हीं ह्या विषयावर बोलण्याचें मुख्य कारण तरी हेंच आहे.

चौथी गोष्ट कागदाची. इ. स. १९३४ मध्यें वर्धा येथें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यांतले. अर्थशास्त्राचें उच्च शिक्षण परदेशीं घेतलेल्या ह्या गृहस्थानें खेड्यांतील हातकामाची महती सांगण्यांत आयुष्य वेंचिलें. त्याच चळवळीच्या काळांत, इ. स. १९४० मध्यें, पुण्यांत शिवाजीनगरास हातकागदाची संस्था निघाली. तेथें सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करीत. चिंधीचा कागद होतो, तर लग्नपत्रिकेची भेटपत्रिका कां होऊं नये? दरवर्षीं प्रत्येक घरांत जाड, रंगीत, सोनेरी कांठाच्या पत्रिका येऊन पडतात. त्यांचा कोरा भाग कापून दुमडावा, वर वाळविलेलें पान किंवा फूल खळीनें चिकटवावें, आणि आंत स्वतःच्या अक्षरांत चार ओळी लिहाव्या. फूल वाळवावयाचें तें जुन्या वर्तमानपत्राच्या घडींत घालून जाड पुस्तकांखालीं आठ-दहा दिवस दाबून ठेवावें. त्या चार ओळी स्वतःच्या असाव्या. छापील शुभेच्छा सर्वांस सारख्या असतात. “तुम्ही आमच्या आजारपणांत डबा आणलात तो आम्ही विसरलों नाहीं,” हें वाक्य कोठल्याही दुकानांत मिळत नाहीं. जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या व जुन्या साडीच्या थैल्या केल्या म्हणजे भेट गुंडाळण्यास चकचकीत कागदही नको.

मेणबत्त्यांविषयीं दोन शब्द. उरलेले तुकडे सांठवून ठेवावे; आशीर्वादित मेणबत्त्यांचे तुकडे मात्र वेगळे राखून आदरानें वापरावे. मेण प्रत्यक्ष विस्तवावर कधींही वितळवूं नये. उकळत्या पाण्यांत दुसरें भांडें ठेवून त्यांत वितळवावें, आणि हें काम मोठ्या माणसानेंच करावें. मातीच्या पणतींत किंवा घासून गुळगुळीत केलेल्या नारळाच्या करवंटींत सुताची वात उभी धरून मेण ओतलें कीं सुंदर दिवा होतो. झावळ्यांच्या रविवारीं मिळालेल्या पानांचे क्रूस विणण्याची कला तर आपल्या कित्येक घरांत आहेच. तोच क्रूस वर्षभर दारावर राहतो, आणि पुढील वर्षीं तींच पानें जाळून राखेच्या बुधवारची राख होते. त्या पानाचा एक तंतूही वायां जात नाहीं.

आतां आपल्या मनांतील शंका. कोणी म्हणेल, आम्हांस वेळ कोठें आहे? दुकानांत जाण्यायेण्यास, निवड करण्यास व पैसे चुकते करण्यास लागणारा वेळ मोजा. शिवाय तो पैसा मिळविण्यास लागलेले तास त्यांत मिळवा. बहुधा दुपटें स्वस्त पडेल. दुसरी शंका अधिक खरी आहे: हातकामच कधीं कधीं महाग पडतें. हौशी लोकांकरितां तयार सामानाच्या पेट्या विकतात. त्या आणून केलेली वस्तु बाजारच्या वस्तूहून महाग होते आणि उरलेले मणी-रंग कपाटांत पडून राहतात. ह्यावर आमचा साधा नियम असा कीं, घरांत नसलेली एकच वस्तु विकत आणावी. ताऱ्याला कागद, दुपट्याला दोरा, पत्रिकेला कांहींच नाहीं. तिसरी शंका, केलेली वस्तु ओबडधोबड झाली तर? तर ती देऊं नये, पुन्हां करावी. गरिबाला कसेंही चालतें, ही समजूत पापाची आहे. उसवलेला टांका व फाटका कांठ भेट म्हणून देणें म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारीं टाकणें होय.

चौथी शंका कारागिरांची. सर्वांनीं घरीं केलें तर ज्यांचें पोट हातकामावर आहे त्यांनीं काय करावें? ही शंका आम्हांस फार मोलाची वाटते. म्हणून जी एक वस्तु विकत आणावयाची ती शक्यतों करणाऱ्याच्या हातून आणावी. कामट्या पुण्याच्या बुरूड आळींतून घ्याव्या, पणत्या कुंभाराकडून घ्याव्या, आणि सांगितलेला भाव रास्त असेल तर घासाघीस करूं नये. मोठ्या दुकानांत छापील किंमत मुकाट्यानें देणारे आपण बुरुडाशीं पांच रुपयांकरितां वाद घालतों, हें आपणांस शोभत नाहीं. आपण स्वतः एक तारा बांधून पाहिला, बोटांत कुसळ शिरलें, म्हणजे त्याच्या श्रमाची किंमत आपोआप कळते.

बंधुभगिनींनो, व्याख्यान ऐकून घरीं गेल्यावर कांहीं उरावें म्हणून ह्या ज्युबिली वर्षाकरितां आम्ही चार गोष्टी आपल्यापुढें ठेवितों. एक, ह्या वर्षींच्या नाताळांत मंदिराच्या आवारांतील तारे व गव्हाण हीं धर्मग्रामांतील मुलांनीं आपल्या हातांनीं करावीं. दोन, बाप्तिस्मा व प्रथम पवित्र कम्युनियन ह्या प्रसंगीं निमंत्रण देतांनाच सांगावें कीं, भेट आणल्यास हातची आणावी, न आणल्यास आपण यावें. तीन, प्रत्येक घरानें धुतलेलें एक जुनें सुती वस्त्र सभागृहांत आणून द्यावें. त्यांचीं दुपटीं करून येथें जन्मणाऱ्या प्रत्येक बालकास, मग तें बाराव्या मजल्यावर जन्मो कीं पत्र्याच्या खोलींत, एकसारखें एकेक दुपटें धर्मग्रामातर्फे द्यावें. चार, ज्याला जें काम येतें तें त्यानें दुसऱ्यास शिकवावें, आणि शिकणाऱ्यानें शिकविणाऱ्याच्या घरीं एकदां तरी चहास जावें.

ह्यांतील चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत अवघडही आहे. तरी ती झाली तर वर सांगितलेली भिंत राहणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे.

नाझरेथच्या सुताराच्या घरीं ज्यानें आपल्या हातांनीं काम केलें, तो प्रभु येशू आपल्या हातांस बळ देवो, आपल्या घरांस शोभा देवो, आणि कोणाही भावाबहिणीस आपल्या दारीं येण्यास लाज वाटूं न देवो. आमेन.